बावीसच्या पुढची गाठ

आमच्या मामांइतका स्वतःच्या कातडीवर जीव असलेला माणूस घोटीपासून नांदगावपर्यंत शोधून सापडणार नाही. जीव म्हणजे पावडर लावून आरशात बघणारा नव्हे. मामांच्या अंगावर मोजून सत्तावीस गाठी होत्या. दोन्ही दंडांवर, पोटावर, बरगड्यांवर, मांड्यांवर, एक थेट मानेच्या मागे. या सत्तावीसजणींची जागा, वय आणि स्वभाव त्यांना पाठ होता. दुसरा कोणी असता तर पूर्ण बाह्यांचा सदरा घालून लोकांत वावरला असता. मामा मात्र बाह्या दुमडूनच घराबाहेर पडायचे, आणि एखाद्याची नजर दंडावर गेलीच तर त्याला काय वाटेल याचा विचार न करता म्हणायचे, "हात लावून बघा की. फुकट हाय."

हे सगळं कुठून आलं ते सांगायचं तर आमच्या वाईट दिवसांपासून सुरुवात करावी लागेल. माझे वडील मालेगावला मागावर होते. ते गेले तेव्हा मी सात वर्षांची आणि भाऊ अजून आईच्या कडेवर. मामा दिंडोरी रस्त्याच्या आतल्या त्यांच्या गावाहून आले, तेरावं उरकलं आणि आईला म्हणाले, "शांते, भांडी बांध." बस, एवढंच बोलले. मामांकडे काय होतं म्हणाल तर मेथी-कोथिंबिरीपुरती अर्धा एकर जमीन, दोन खोल्यांचं घर, आणि त्या घरात मामी आणि तिच्या तीन मुली. आमच्यासाठी त्यांनी खताच्या गोण्या ठेवायची पत्र्याची खोली रिकामी केली. उन्हाळ्यात पत्रा असा तापायचा की आई वर ओली पोती टाकायची आणि ती वाळायच्या आत आम्ही झोपून घ्यायचो. माझ्या पुस्तकांना दहावीपर्यंत युरियाचा वास होता.

मामा आणि आई दोघंही लोकांच्या द्राक्षबागांत कामाला जायचे. मामांच्या हाताखाली पंधरा बायकांची टोळी होती. द्राक्षाचा घड लहान असतानाच त्यातले जादा मणी कात्रीनं काढून टाकावे लागतात, म्हणजे उरलेल्यांना फुगायला जागा मिळते. याला विरळणी म्हणतात, आणि विरळणीत मामांच्या हाताला तोड नव्हती. डाव्या हातानं घड नुसता तोलायचा, उजव्या हातातली कात्री किडा चालावा तशी आत शिरायची, खाली मण्यांचा सडा पडायचा, आणि घड हातातून सुटायचा तेव्हा न्हाऊन, वेणी घालून उठलेल्या मुलीसारखा दिसायचा. बागाईतदार आपल्या गाडीतून त्यांना न्यायला यायचे. मामा चौथी शिकलेले, पण बागेत शिरले की मालकसुद्धा चप्पल काढल्यासारखा गप्प व्हायचा. त्या एका उजव्या हातावर आमच्या घरात आठ माणसं जेवली, त्याच हातावर मी नाशिकला कॉलेजात गेले आणि बी.एस्सी. झाले. आईकडून आणि वडिलांकडून, दोन्हीकडून पदवी घेतलेली मी पहिली. हे मी कोणी न विचारता सांगते. का सांगू नये?

पहिली गाठ त्यांना सापडली ती नव्वद-एक्क्याण्णवच्या सुमाराला, दंडाला साबण लावताना. तोपर्यंत गाठ म्हटलं की आमच्याकडे एकच रोग माहीत होता आणि त्याचं नाव कोणी मोठ्यानं घेत नसे. मामीनं तीन दिवस चूल पेटवली ती रडत रडत. मामांनी शांतपणे निरवानिरव केली. विहिरीवरची मोटर कशी चालू करायची ते मामीला दाखवलं, आपली कात्री आईच्या हातात दिली, आणि मला बोलावून सांगितलं, "काही झालं तरी कालेज सोडायचं नाय." मग धुतलेला सदरा घालून एसटीनं नाशिकला गेले. शालिमारजवळ एक वयस्कर डॉक्टर होते. त्यांनी दंड दाबून पाहिला आणि म्हणाले, "चरबीची गाठ आहे. काही नाही."

मामांना राग आला. "काही नाय म्हणजे? तीन दिवस झाले मी मरतोय, आन् तुम्ही म्हणता काही नाय?"

डॉक्टर भला माणूस असावा. त्यांनी मामांचंच बोट धरून गाठीवर ठेवलं. "मऊ लागते का? बोटाखाली सरकते का? दुखत नाही ना? मग घरी जा. कातडीखाली चरबी साठलीय, पिशवीत बांधल्यासारखी. औषधानं जात नाही, चोळून जात नाही. अडचण व्हायला लागली तर कापून काढू. पण कडक लागली, आत रुतून बसली, भराभर वाढली, दुखायला लागली किंवा लिंबाहून मोठी झाली, तर तडक इकडं यायचं. तुमच्या वडिलांना होत्या का अशा? पुष्कळदा घराण्यात असतात."

मामांचे वडील सदऱ्याशिवाय कोणाला दिसलेच नव्हते, त्यामुळे तो प्रश्न तसाच राहिला. पण बाकीचं सगळं मामांनी परतीच्या एसटीत घोकून पाठ केलं. घरी आले ते चिवड्याची पुडी घेऊन. मामीला म्हणाले, "मऊ, सरकती, न दुखती. तिन्ही गुण हायेत. रडू नको, चहा टाक."

मेलेला माणूस परत आला की तो साध्या माणसासारखा वागत नाही. पुढच्या चार-पाच वर्षांत गाठी वाढत गेल्या, आणि प्रत्येक नव्या गाठीचं मामांनी बारशासारखं कौतुक केलं. जात ओळखून नाव ठेवलं. दंडावरची गोल ती थॉमसन. बरगडीवरची लांबट ती सोनाका. मांडीवरच्या काळसर कातडीखालची ती शरद. ज्यांनी द्राक्षं फक्त खाल्ली आहेत त्यांच्यासाठी सांगते, ही सगळी द्राक्षांच्या जातींची नावं. त्याच सुमाराला आमच्या भागातली द्राक्षं परदेशी जायला लागली होती, आणि मण्याची जाडी मोजायला प्लास्टिकची पट्टी आली होती. पट्टीला ओळीनं गोल भोकं असायची: चौदा, सोळा, अठरा, वीस आणि शेवटचं बावीस. आकडे मिलिमीटरचे. मामा मात्र सगळ्या जगासारखं एमएमच म्हणायचे. अमावास्येला बागेत सुट्टी असे. त्या दिवशी आंघोळ झाली की मामा उघड्या अंगानं ओट्यावर बसायचे, एकेक गाठ दोन बोटांच्या चिमटीत उचलायचे, आणि मामी ती कोणत्या भोकात बसते ते बघून सांगायची. आकडे खताच्या दुकानातून मिळालेल्या कॅलेंडरवर, त्या-त्या अमावास्येच्या चौकोनात, पेन्सिलीनं लिहिले जायचे.

"सोनाका?"

"सोळा."

"मागल्या टायमाला बी सोळा होती. थॉमसन?"

"अठरा."

"बघ! एक्स्पोर्टला जाईल."

"तुम्हीच जा हिला घेऊन," मामी म्हणायची. "माझी पोळी करपली तिकडं."

मी कॉलेजातून आले की मला ही कॅलेंडरं अभिमानानं दाखवली जायची, आणि मी हसायचे. त्या हसण्याबद्दल पुढे सांगायचंच आहे.

आपल्या सत्तावीसजणींवर मामांचं भागेना. घडातला एकेक मणी न बघता बोटानं जोखणारा माणूस तो, त्याला माणसाच्या कातडीखालचं काही लपत नसे. परवानगी मागायची पद्धत त्यांना ठाऊकच नव्हती. एकदा मी त्यांच्याबरोबर नाशिकच्या एसटीत होते. पुढच्या बाकावर पांढरी टोपी घातलेले एक गृहस्थ बसले होते आणि त्यांच्या मानेवर चांगली सुपारीएवढी गाठ होती. मामांनी दिंडोरी नाक्यापर्यंत दम धरला. मग डोळे मिटून दोन बोटं पुढे केली. तपासताना ते नेहमी डोळे मिटत. उघड्या डोळ्यांनी बोट खोटं बोलतं, असं त्यांचं म्हणणं.

"ओ! मानेला हात कशाला लावता?"

"पाहुणे, हलू नका. मऊ हाय. सरकती बी हाय. दुखती का?"

"आधी सोडा!"

"दुखती का ते सांगा, मंग सोडतो."

"नाय दुखत!"

"मंग सुखानं जावा."

मी खिडकीबाहेर बघत बसले, जणू या माणसाला ओळखतच नाही. दोन मिनिटं गेली. टोपीवाले हळूच मागे वळले. "किती दिवस राहते हो ही?" मामा म्हणाले, "तुमच्यासंगं. जन्मभर. काय खायला मागत नाय." तोवर कंडक्टर आमच्यापाशी येऊन उभा राहिला होता. त्यानं तिकिटाची पेटी काखेत मारली, बाही वर केली आणि म्हणाला, "मामा, हे बी बघा ना जरा."

ते हसण्यावारी नेणारे होते तरी थट्टेखोर नव्हते. आमच्या गावच्या किराणा दुकानदाराच्या जबड्याखाली एक गाठ होती. मामांनी ती डोळे मिटून दाबली, दुसऱ्यांदा दाबली, आणि डोळे उघडले तेव्हा त्यांच्या तोंडावर हसू नव्हतं. "ही कडक हाय. जागची हलत नाय. उद्या पहिल्या गाडीनं जायचं, मी येतो." दुकानदारानं आठवड्याची मुदत मागितली. दुसऱ्या दिवशी पहाटे मामा त्याच्या दारात उभे. ती क्षयाची निघाली. औषधानं पुढे बरी झाली, पण तेव्हापासून गावात मामांच्या बोटांना मान आला. शेजारच्या काकूंनी मनगटाजवळची गाठ विरघळावी म्हणून तिच्यावर बिब्बा लावला. गाठ होती तिथेच राहिली आणि वरची कातडी भाजून निघाली. मामांनी स्वतः खोबरेल लावलं आणि लावता लावता बोलले, "काकू, पाहुणा खालच्या खोलीत बसलाय आन् तुम्ही वरचा पत्रा जाळताय." एकानं घोड्याचा केस आणला होता, गाठीभोवती आवळून बांधायला. मामांनी त्याला पाटावर बसवून समजावलं की केस बांधतात तो लोंबत्या चामखिळीला, तेही सांभाळून. ही कातडीच्या आतली, हिला केस बांधायचा कुठं?

माझ्या लग्नाच्या वेळी मात्र मला त्यांचा मनापासून राग आला होता. बाविसाव्या वर्षी माझ्याही मनगटावर एक गाठ आली, वाटाण्याएवढी. पाहुणे बघायला आले तेव्हा मामीनं ती दिसू नये म्हणून मला डझनभर काचेच्या बांगड्या भरल्या. पोहे झाले, प्रश्न झाले, आणि मामा एकदम म्हणाले, "बांगड्या वर कर गं. आधीच सांगतो पाहुणे, आमच्या घराण्यात हे हाय. दाबून बघा. माल झाकून द्यायची आपली रीत नाय."

"मामा," मी सगळ्यांसमोर म्हणाले, "मी द्राक्षाची पेटी नाही."

ते स्थळ गेलं. मी दोन दिवस मामांशी बोलले नाही. मामांना त्याचं काहीच नव्हतं. "वाटाण्याला भ्याले ते संसाराला काय पुरतील?" पुढच्या स्थळाच्या वेळीही त्यांनी तेच केलं. त्या मुलाच्या वडिलांनी चष्मा लावला, गाठ नीट दाबून बघितली आणि विचारलं, "शिक्षण पुढे चालू ठेवायचं आहे का?" ते माझे सासरे. मामा बरोबर होते असं मी अजूनही म्हणणार नाही, पण लग्न चांगलं झालं.

पुढे मी नाशिकमध्येच एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये लागले. दोन हजार सालानंतरची गोष्ट. डिसेंबरातला एक रविवार होता, विरळणी जोरात. मी डबा घेऊन थेट बागेत गेले. टोळीतल्या बायका वेलींखाली वाकलेल्या, आणि मामा त्यांच्या मागून नुसते फिरत होते. विरळणीच्या दिवसांत मामा हात पाठीमागे बांधून फिरताहेत हे मी जन्मात पाहिलं नव्हतं. जेवताना त्यांच्या खिशातून कात्री पडली. दोन पात्यांच्या मुठींमध्ये सायकलच्या ट्यूबची गुंडाळी कोंबून बांधलेली, मिटलेली कात्री आपोआप उघडावी म्हणून.

"हे काय केलं?"

"स्प्रिंग हाय. नवी पद्धत."

आईनं भाकरीवरून मान वर केली. "कसली पद्धत? कात्री मिटती पण दादाला ती उघडत नाही. तीन आठवडे झाले. बायका आपली वेल करून दादाची वेल करत्यात, मालकाला कळू नये म्हणून."

"शांते, तू जेव."

मी म्हटलं, "मामा, हात पुढे करा. बोटं सरळ करा." मनगट वर आलं. बोटं आली नाहीत. ती चारही मुळापासून खाली लोंबत राहिली, अंगठासुद्धा. मामा आपल्या हाताकडे असे बघत होते, जसे शाळेत पोराचं उत्तर चुकलं की मास्तर बघतात. कोपराच्या खाली, हाताच्या वरच्या अंगाला, फुगवटा होता. मी तो कित्येक वर्षं बघत आले होते.

"दुखतं का?"

"नाय. दुखत असतं तर मी गेलो नसतो का?"

मी त्यांच्या घरी गेले आणि मामीनं जपून ठेवलेली कॅलेंडरं काढली. थॉमसन अठरा, सोनाका सोळा, शरद वीस. आणि खाली एका ओळीत, तीन वर्षांच्या प्रत्येक अमावास्येला: कोपर, बावीस आणि त्यापुढे अधिकची खूण. हिला नावसुद्धा नव्हतं. छत्तीस-सदतीस वेळा तेच. मामांच्या दृष्टीनं ती वाढतच नव्हती, कारण आकडा बदलत नव्हता.

"बावीसच्या पुढं काय लिहिणार?" मामा दारातून म्हणाले. "पुढं भोकच नाय पट्टीला. बावीसच्या पुढं सगळा माल एकच."

मला हसू आलं नाही. ही कॅलेंडरं मला दर सुट्टीत दाखवली गेली होती. मी बी.एस्सी. झालेली, लॅबमध्ये दिवसभर मापंच बघणारी, आणि त्या खुणेपुढे काय आहे हे विचारायचं मलाही सुचलं नव्हतं.

मी म्हटलं, उद्या नाशिकला चला. मामा म्हणाले, मार्च जाऊ दे, माल निघाला की येतो. मी म्हटलं, मार्चपर्यंत थांबलो तर हात जाईल. तेव्हा ते खरं बोलले. "आत्ता मिटतो तरी हाय. कापायला दिला आन् शिरेला लागलं, तर मिटायचा बी नाय. मंग मी कोण? नुसता गाठीवाला?" मामीनं पदर तोंडाला लावला. या घरात इतकी वर्षं हाताबद्दल कोणी बोललं नव्हतं, कारण बोलायची वेळच आली नव्हती.

मला दुसरं काही सुचेना. मी त्यांच्यासमोर बसले. "मामा, डोळे मिटा. डावं बोट उजव्या कोपराखाली ठेवा. आता हा उजवा हात तुमचा नाही. आईचा आहे. शांताचा. सांगा."

"पोरखेळ हाय का हा?"

"तुम्ही एसटीत लोकांच्या माना दाबता. डोळे मिटा."

त्यांनी मिटले. त्यांचंच डावं बोट त्यांच्या उजव्या कोपराखाली फिरलं, आधी वरवर, मग खोल. घडातले मणी जोखताना त्यांच्या ओठांची जी हालचाल व्हायची तीच झाली. "वरून मऊ हाय," ते म्हणाले. "पर कातडीखाली नाय. मांसाच्या खाली हाय." बोट आणखी खाली सरकलं. "हलत नाय. लिंबाहून मोठी हाय." बोट थांबलं. "शांताला उद्याच घेऊन जाऊ," ते म्हणाले, आणि डोळे मिटलेलेच ठेवले. उघडायची त्यांना घाई नव्हती.

दुसऱ्या दिवशी गंगापूर रोडवरच्या सर्जनकडे गेलो. फोटो झाले, मशीनमध्ये हात घालून झाला. डॉक्टर तरुण होते, बोलायला मोजके. बोटं उघडणारी शीर कोपरापाशी हाडाला लागून जाते, आणि ही गाठ नेमकी तिच्यावर बसून तिला हाडाशी दाबते आहे, असं त्यांनी कागदावर काढून दाखवलं. शीर बोटं हलवणारी, दुखणं कळवणारी नव्हे, म्हणून दुखलं नाही.

"किती एमएम?" मामांनी विचारलं.

"साठ."

मामा माझ्याकडे वळले. "साठ! बाई, हे द्राक्ष नव्हं, हा आंबा हाय."

डॉक्टर हसले, पण पुढचं त्यांनी हसत सांगितलं नाही. एवढी मोठी आणि एवढी खोल गाठ काढल्यावर तपासायलाच लागते, चरबीच आहे की आणखी काही ते तेव्हाच कळेल. आणि आणखी उशीर झाला तर गाठ निघेल पण बोटं येतील असं ते सांगणार नाहीत. "आन् आत्ता काढली तर?" मामांनी विचारलं. "येतील असं वाटतं. शब्द देत नाही." बाहेर आल्यावर मामा म्हणाले, "ह्याच्याकडंच करू. शब्द देणारे लय भेटले."

ऑपरेशनच्या दिवशी टोळीतल्या पंधराही बायका बागेचं काम सोडून दवाखान्याच्या पायऱ्यांवर येऊन बसल्या. गाठ आमच्याच लॅबमध्ये आली, झाकणाच्या बरणीत, पिवळसर, गुळगुळीत. बरणीवरच्या चिठ्ठीवर मामांचं नाव होतं. लॅबच्या मुख्य डॉक्टर असलेल्या आमच्या मॅडमनी मला त्या दिवशी दुसरं काम दिलं आणि मी ते केलं. तिसऱ्या दिवशी मॅडमनी मला सूक्ष्मदर्शकापाशी बोलावलं आणि खुर्ची सोडून दिली. नळीत मी मोठमोठी, रिकाम्या जाळीसारखी घरं पाहिली, एकाला एक लागून, शांत, सारखी. चरबी. दुसरं काहीही नाही.

गावातल्या किराणा दुकानात फोन होता. त्याच दुकानदारानं मामांना हाक मारून आणलं.

"कडक हाय का?" मामांनी विचारलं.

"नाही मामा. मऊच. नुसती चरबी आहे."

"बरं. आन् बोटं?"

"डॉक्टर म्हणतात, व्यायाम करायचा आणि वाट बघायची." घरी तेच सुरू होतं. हाताला फळी बांधलेली, रोज सकाळ-संध्याकाळ व्यायाम, मामी बोटं धरून वर करायची आणि सोडली की ती खाली पडायची. एप्रिलची छाटणी मामांशिवाय झाली. आई टोळी सांभाळायची आणि संध्याकाळी येऊन त्यांना विचारायची, या वेलीच्या काडीला फुटव्याचे किती डोळे ठेवू, जणू तिला माहीत नव्हतं. मामा सांगायचे, पण मान वर न करता. एसटीत समोरच्या माणसाच्या मानेवर गाठ दिसली तरी ते खिडकीकडे बघायचे. एकदा मीच म्हटलं, "मामा, ते बघा." ते म्हणाले, "असू दे. ज्याची त्याला."

श्रावणातल्या एका दुपारी ओट्यावर चहा घेताना त्यांचा अंगठा उघडला. एवढासा, नखाच्या रुंदीइतका. मामीनं तो बघितला नाही, म्हणून मामांनी तो पुन्हा केला. मग गल्लीतल्या सगळ्यांना बोलावून केला. मग करून करून तो दमला आणि संध्याकाळपर्यंत हलेना, तेव्हा मामांचा जीव पुन्हा टांगणीला. दसऱ्याला पहिली दोन बोटं आली. दिवाळीला मला नमस्कार करायला ते उठले, मी म्हटलं मामा, तुम्ही कशाला, मी करते. ते म्हणाले, "थांब. बोटं जुळतात का बघतोय." जुळली. करंगळी जरा वाकडी राहिली, ती आजही तशीच आहे.

त्या डिसेंबरात मी पुन्हा रविवारी डबा घेऊन बागेत गेले. मामा पहिल्या ओळीत, वेलीखाली, साधी कात्री घेऊन उभे होते. एक घड करायला त्यांना पूर्वी लागायचा त्याच्या तिप्पट वेळ लागत होता. एक मणी कापला की थांबत, बोटं हळूहळू उघडत, मग पुढचा मणी. शेजारच्या ओळीतल्या बायकांकडे मी बघितलं. त्या पंधराजणी, ज्यांच्या कात्र्या एरवी एका दमात ओळ संपवतात, त्या सगळ्या मामांच्याच चालीनं चालल्या होत्या. कोणी पुढे गेली नाही, कोणी काही बोललं नाही. मामांच्या लक्षात आलं असणार. त्यांच्या लक्षात येत नाही असं बागेत काही नव्हतं. पण त्यांनीही ते बोलून दाखवलं नाही.

ऊन कलेपर्यंत मी तिथेच बांधावर बसून राहिले. त्या हंगामात मामांनी एकूण अकरा वेली विरळल्या. सगळ्या स्वतःच्या उजव्या हातानं.